साडेतीनशेचा डबा

आधी वासच सांगते. पाल जळल्याचा वास. तो एकदा लेकराच्या दुपट्यात बसला की जात न्हाई. मी तीनदा धुतलं, साबन लावून, लिंबू चोळून, तापल्या पत्र्यावर वाळू घातलं, तरी नाकापाशी नेलं की तोच वास यायचा. पाल डब्यात गेलती. डबा म्हंजे माह्या नवऱ्याचा, पत्र्याचा, धान्याच्या कोठीच्या अर्धा असंल एवढा, आन त्याच्या मधोमध मुठीएवढा व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसला पन लई ताकदीचा. तो तापला की डबा चुलीच्या जागेसारखा ऊबदार व्हायचा, म्हनून थंडीत घरातल्या सगळ्या पाली, सगळी झुरळं तिथंच संसाराला जायची, आन डब्याला हवा मारायला लावलेला पंखा त्यांची घान खोलीभर उडवायचा, अंथरुनावर, पोरीच्या बाटलीवर, सगळीकडं. ह्यांनी ती पाल चिमट्यानं काढली, माह्या चिमट्यानं, ज्यानं मी पापड भाजते, खिडकीतून फेकली, हात पँटला पुसला आन म्हनले, "चहा टाक."

मी टाकला. चिमटा मात्र राखेनं घासला, मग परत घासला, आन शेवटी उकिरड्यावर नेऊन फेकला.

आमचं घर आखाडा बाळापूरला, रोडपासून जरा आत, दोन खोल्या. पुढच्या खोलीत सासू, तिला मी आत्याबाई म्हनते, आन चूल-गॅस, डबे-बरन्या. मागच्या खोलीत आमी तिघं, मी, हे आन पोरगी, आन खिडकीखाली लाकडी बाकावर हा डबा. हे रोडच्या दुकानात मोटारी भरतेत, विहिरीवरच्या, बोअरच्या. जळालेली तार उपसायची, नवं तांबं भरायचं, भाईरून व्हार्निश पाजायचं. लग्न झालं तवा मला वाटलतं जळका वास दुकानात राहील, घरी मानूस येईल. पन ह्यांना रेडिओचं येड. परीक्षा दिली, सरकारचा परवाना आला, घरावर तार बांधली, आन सुरू झालं बोलनं. फोन न्हाई, रेडिओ. आपन इथून बोलायचं, तिकडं कुठंतरी कोनी आपल्यासारखाच बसलेला असतो, तो म्हनतो ऐकू येऊन राहिलं. एवढंच.

एकदा मी विचारलं, "काय म्हनला तो?"

"म्हनला, तिकडं पाऊस हाय."

"मग?"

"मग काय. पाऊस हाय."

बारका रेडिओ व्हता तवर माही काही तक्रार नव्हती. पन बारक्याचा आवाज लांब जात न्हाई, दुसऱ्याच्या मोठ्या आवाजाखाली दबतो, म्हनून ह्यांनी आवाज मोठा करायचा हा डबा बांधायला घेतला. व्हॉल्व्ह भंगारातून आनला, ट्रान्सफॉर्मर स्वतः भरला. आन तवापासून माहं एकच मागनं सुरू झालं, रोज, सकाळी, जेवताना, हे चप्पल घालताना. पोरगी दहा महिन्याची हाय, रांगती, दिसंल ते धरून उभी राहती, हाताला लागंल ते तोंडात घालती, हा डबा ह्या खोलीतून काढा.

"दुकानात धूळ हाय," हे म्हनायचे. "आन तार इथं हाय. मी हाय ना, बगतो ना."

कुठं बगतेत. कानाला हेडफोन लावला की ह्यांना लेकरू रडलेलं बी ऐकू येत न्हाई. डब्याला झाकन व्हतं, पन ते कधी लागलंच न्हाई, बाकाच्या मागं उभं करून ठेवलेलं, त्याच्यावर कोळ्याचं जाळं. झाकन उघडलं की सगळा करंट आपोआप तुटावा म्हनून एक बारकी कळ बसवली व्हती, बसवली बी ह्यांनीच, आन दर घडीला झाकन उघडझाप करायचा कंटाळा म्हनून तिच्यात काडेपेटीची काडी खुपसून ती दाबून ठेवली, ती बी ह्यांनीच. ती काडी मी रोज बगायची. झाडताना, पुसताना. मला ती पालीपेक्षा जास्ती किळसवानी वाटायची, का ते सांगता येत न्हाई, मानसाचा आळस असा उघडा पडलेला बगितला की तसं व्हतं.

मी नववीपर्यंत शिकले, विज्ञानात कधी पास झाले न्हाई. पन भेव वाटतं त्याची मानूस चौकशी करतोच. मी विचारत राहिले, हे सांगत राहिले, आन सांगताना मात्र लई खुशीत यायचे.

"हे बग," म्हनले, "व्हॉल्व्हच्या पोटात एक तापलेलं नळकांडं हाय. त्याच्यातून वीज निघती, भाईरच्या प्लेटकडं जाती. मधी दोन जाळ्या. पहिलीवर आपला आवाज येतो. दुसरीला स्क्रीन म्हनतेत, ती वीज ओढून पुढं लोटती. त्या स्क्रीनवर साडेतीनशे व्होल्ट पाहिजे. बराबर साडेतीनशे. बोलताना बी, गप बसल्यावर बी."

"न्हाई राहिलं तर?"

"कमी झालं तर आवाज फाटतो. जास्ती झालं तर व्हॉल्व्ह सुटतो, आवरत न्हाई, स्वतःला जाळून घेतो."

"मग धरून ठेवा ना साडेतीनशेला."

"तेच अवघड हाय. सिद्धेश्वर धरनाचा कालवा बग. खालच्या लोकांनी एकदम दारं लावली तर पानी मागं फुगतं. वाट न्हाई भेटली तर कालवा फुटतो. म्हनून मधी सांडवा ठेवतेत, फुगलेलं पानी ओढ्यात जातं. ही स्क्रीन तसलीच हाय. कवा वीज घेती, कवा उलटी मागं ढकलती. मागं आलेलीला जायला वाट पाहिजे."

"आन ती वाट कुठं हाय?"

त्यांनी बोट दाखवलं. डब्याच्या कडेला दोन होल्डर, त्याच्यात दोन बल्ब, जुने, पंधरा वॅटचे, तार पेटनारे पिवळे. एकाला एक जोडलेले, माळेसारखे. डबा चालू झाला की दोन्ही जळायचे, दिवसा-ढवळ्या, उगाच.

"हा माहा सांडवा," म्हनले. "ह्याच्यातून थोडी वीज सारखी वाहत राहती, म्हनून फुगत न्हाई. आन दुसरं बी काम करतेत. डबा बंद केला तरी आतल्या कंडेन्सरमधी वीज भरून राहती, हंड्यात पानी राहतं तशी. ती ह्या बल्बांतून वाहून जाती. बल्ब मंद मंद होत विझले की समज हंडा रिकामा. मग हात घातला तरी चालतो."

डब्यात दुसरं बी व्होल्टेज व्हतं, प्लेटचं, दोन हजाराच्या वरचं. ते काढून टाकायला त्यांनी पक्के रेजिस्टन्स लावले व्हते, मोठाले, डबल, कारन त्याचं त्यांना भेव व्हतं. साडेतीनशेचं कोनाला भेव. दुकानात रोज चारशे-साडेचारशेच्या मोटारीवर हात घालनारा मानूस. म्हनून साडेतीनशेच्या वाटंला आले दोन बल्ब.

मी म्हनलं, "आन पोरीला कसं कळायचं विझले का न्हाई?"

ते हसले. मला त्या हसन्याची शिसारी आली, खरं सांगते, नवरा हाय तरी.

थंडीत आत्याबाईची कोंबडी मांजरानं नेली. बारकी पिल्लं मागं राहिली, अकरा, चिवचिव करून जीव खायची. आत्याबाईनं त्यांना डालग्याखाली ठेवलं, वरून पोतं टाकलं, तरी सकाळी दोन मेलेली निघाली, मुंग्या लागलेली, डोळ्यातून मुंग्या येऊन राहिलत्या. मलाच फेकायला लागली.

"पोरी," आत्याबाई म्हनल्या, "बल्ब पाहिजे बग डालग्यात. माह्या मायच्या घरी बल्बच लावायचे. ऊब राहती."

मी पुढच्या खोलीतला पांढरा एलईडी काढून लावला. आत्याबाईनं त्याच्यावर हात ठेवला.

"हे काय, थंडगार लागून राहिलं. ह्याच्याखाली तर मेलेलं मानूस ठेवलं तर टिकंल. पिवळा आन."

पिवळा कुठून आनू. दुकानात पिवळे येनंच बंद झालं. आख्ख्या घरात पिवळे दोनच, डब्यावरचे. आत्याबाईनं मागच्या खोलीकडं बगितलं, मी बी बगितलं.

"एक घे," त्या म्हनल्या. "दोन कशाला लागतेत त्याला दिवसा."

आता हे लिहितानी हात थांबतो, पन लिहिते. मी घेतला. डबा बंद व्हता, वायर काढलेली, मी खात्री केली, पोरीला आत्याबाईच्या मांडीवर दिली, हाताला कोरडा कपडा गुंडाळला, एवढं सगळं केलं आन बल्ब फिरवून काढला. मग मोकळं होल्डर दिसलं. ह्यांनी बगितलं तर दिवसभर तोंड चालंल, माह्या वस्तूला हात लावला म्हनून, ह्यांचं ओरडनं तसं, एकदा सुरू झालं की मिक्सरसारखं. म्हनून मी संडासात गेले. तिथं एक पिवळा बल्ब व्हता, कवाचा उडालेला, मेलेल्या किड्यांनी माखलेला, कोळ्यानं गुंडाळलेला. तो काढला, धुतला, पुसला, आन डब्याच्या मोकळ्या होल्डरमधी लावून दिला. दोन व्हते, दोन दिसले. आपल्या घरात असंच करतेत, रिकामी जागा दिसू द्यायची न्हाई, मग आत काही असो का नसो.

संडासातला बल्ब डब्यावर. तवा मला मनात जरा बरं बी वाटलं. घानीला घान.

पिल्लं जगली. दोन दिवसात तरारली.

तिसऱ्या दिवशी रविवार व्हता, तवर डबा चालूच झाला नव्हता. ह्यांच्या लोकांची कसली तरी शर्यत व्हती, कमी वेळात जास्ती जनांशी कोन बोलतो अशी. दुपारी जेवन झालं, हात बी नीट धुतला न्हाई, बोटाला वरन लागलेलं, तसेच बाकापुढं जाऊन बसले. आत्याबाई पुढं कलंडल्या व्हत्या. मी मागच्याच खोलीत दाराशी तूर पाखडत बसलेली, आन पोरगी माह्या पायाशी एक चमचा चोखत.

ह्यांनी डबा चालू केला. पंखा फिरला, तो जुनाट धुळीचा वास आला. बल्बांकडं ह्यांनी बगितलं न्हाई. मी बी न्हाई बगितलं. मला कसं कळावं की माळेतला एक मेला की दुसरा बी लागत न्हाई. घरावरच्या लायटिंगच्या माळेचं तसंच व्हतं, ते मला माहीत व्हतं, दर सनाला बगते, पन ते आन हे एक हाय हे डोक्यात कोनी घातलं न्हाई, आन मी बी घातलं न्हाई.

ते बोलायला लागले. मोठ्यानं, एकेक आकडा, एकेक अक्षर. मग एकदम थांबले, म्हनले, "मीटरचा काटा उलटा काहून जाऊन राहिला."

मी सुपातून वर बगितलं. डबा गुंगुं करायला लागला, ट्रान्सफॉर्मर असा आवाज करतो कवा कवा, पन हा चढत गेला. आन व्हॉल्व्ह लाल दिसला. तापलेल्या विळ्यासारखा लाल. मग आत फट्ट असं झालं, बारीक, फटाकडीसारखं, आन तो जळका वास. ह्यांनी एक घान शिवी दिली, पिन उपटली, आन मी डोळ्यानं बगितलं, त्यांनी बल्बांकडं बगितलं. नीट बगितलं. दोन्ही काळे.

हात घातला.

आवाज लई मोठा न्हाई झाला. लोक सांगतेत तसं काही न्हाई. हे मागं फेकले गेले, खुर्चीसकट, डोकं भितीला लागलं, आन तोंडातून एक आवाज आला, म्हशीचा येतो तसला, मानसाचा न्हाई. त्या घडीला मी पोरीकडं बगितलं आन पोरगी माह्या पायाशी नव्हती. चमचा पडलेला. पोरगी बाकाच्या पायाला धरून उभी व्हती, एक हात वर, बाकाच्या कडंवर, डब्याच्या वीतभर अलीकडं. मी सूप फेकलं. तिला एका पायाला धरून ओढलं, जनावर ओढतेत तसं, ती तोंडावर आपटली, ओठ फुटला. मी तिला छातीशी घेतलं आन तिथून हललेच न्हाई, डबा आन आमच्या मधी तुरी पडलेल्या, आन मला वाटून राहिलं की ती वीज तुरीवरून बी चालत येईल.

ह्यांच्या बोटाला दोन जागी पांढरं पडलतं, कोंबडीची पिसं जाळतो तसा वास. तोंडातून लाळ गळलेली, शर्टावर वरन. पँट ओली झालती. ते मला म्हनून राहिले, "बल्ब विझलेले व्हते. मी बगितलं ना. विझलेले व्हते." परत परत तेच. मी त्यांना धरायला पाहिजे व्हतं. पन मला त्यांच्या जवळ जाववलं न्हाई, त्या वासाला, त्या ओल्याला. नंतर त्याची लाज वाटली. तवा फक्त शिसारी व्हती, आन पोटात एकच, मी केलं, मी केलं.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीची ईसीजीची पट्टी काढली, बरी आली. म्हनले, घरी न्या, बोटाला मलम लावा. म्हनले, नशीब.

दोन दिवस मी कोनाला काहीच बोलले न्हाई. ह्यांना भरवायची, बोटाची पट्टी बदलायची, आन मनात म्हनायची, कळलं तर काय. बायकोनं नवऱ्याला मारायला बल्ब बदलला असं म्हनतेन. माहेरी लावून देतेन, पोरगी ठेवून घेतेन. जेवन जाईना. आरशात बगितलं तर मलाच माही किळस यायची, ही कशी गप बसली म्हनून. एकदा वाटलं गुपचूप जावं आन बल्ब परत बदलावा, पन त्या डब्याजवळ जायची हिंमत नव्हती. मागच्या खोलीला कडी लावली व्हती, आमी सगळे पुढंच निजायचो, पिल्लांच्या वासात.

मग काका आले, हिंगोलीवरून, एसटीनं. काका म्हंजे ह्यांचे गुरू. सरकारच्या वायरलेसमधी आयुष्य गेलं, आता रिटायर. मानूस चांगला, पन तंबाखूचा तोबरा भरलेला, आल्या आल्या आमच्या न्हानीत थुंकले, लाल न्हाई, काळं, आन पानी बी टाकलं न्हाई. चहा बशीत घेऊन फुर्र फुर्र करत पिले, मिशीला साय. मग मागच्या खोलीची कडी काढली. मी पोरीला कडंवर घेऊन दारात उभी राहिले.

काकांनी आधी एका वेळूच्या काठीला तांब्याची तार गुंडाळली, तिचं दुसरं टोक भिंतीच्या अर्थिंगला बांधलं, उरलेली वीज जमिनीत जावी म्हनून, आन ती काठी डब्यात जागोजागी टेकवली. "आता मेला," म्हनले. मग एकेक वस्तू बगत गेले. बल्ब फिरवून काढले, खिडकीपाशी धरले.

"अरे," म्हनले, "ह्याची तार तुटलेली हाय. आन टोपीच्या खाचंत कोळ्याची अंडी. हा बल्ब कुठला?"

हे म्हनले, "माहा तसला नव्हता, काका. चालू बल्ब लावलता मी."

दोघं त्या बल्बाकडं बगत राहिले. आत्याबाई माह्या मागं येऊन उभ्या राहिल्या, त्यांचा श्वास माह्या मानंला लागून राहिला.

"संडासातला हाय," मी म्हनलं. "मी लावला. चांगला काढून पिल्लांना लावला."

भाईर पिल्लं चिवचिव करून राहिलती.

मग हे म्हनले, हळू, "मला सांगायचं."

"तुमी झाकन लावायचं," मी म्हनलं. "कळंत काडी खुपसली ती काढायची. रोज मी सांगून राहिले पोरगी हाय खोलीत. पोरगी वीतभर लांब राहिली तवा. तुमी बगितलं न्हाई, तुमाला शुद्ध नव्हती, मी बगितलं."

आत्याबाई मागून म्हनल्या, "बल्ब काढ म्हनून मीच सांगितलं तिला. काय बोलायचं ते मला बोला."

काकांनी खिडकीतून थुंकून घेतलं. "कोनाला बोलायचं ते नंतर बोला," म्हनले. "पन बाई, चूक तुही कमी आन ह्याची जास्ती. बल्बावर कोनी भरवसा ठेवतं का. बल्ब विझला याचे दोन अर्थ व्हतेत, वीज संपली न्हाईतर बल्ब संपला. ह्यानं एकच धरला." मग ह्यांच्याकडं वळून, "सांडवाच बंद पडल्यावर स्क्रीन वर गेली, साडेतीनशेची पाचशे झाली असंल, म्हनून व्हॉल्व्ह सुटला. मग स्क्रीनचा फ्यूज उडाला, व्हॉल्व्ह वेगळा झाला, आन भरलेलं सगळं कंडेन्सरात तसंच बसलं. तुही वाट बगत."

हे मान खाली घालून ऐकत व्हते. लेकरागत. मला दया यायला पाहिजे व्हती.

मी म्हनलं, "काका, डबा भाईर काढा."

"काढायची गरज न्हाई पोरी. मी नीट करून देतो. इथंच राहील, पोरीनं वरून पानी ओतलं तरी काही व्हनार न्हाई."

आन ते तीन दिवस आमच्या घरी राहिले. तीन दिवस तंबाखू, सोल्डरचा धूर, राळेचा वास भाजीत, भातात. बल्ब गेले. त्याच्या जागी काकांनी पत्र्याच्या जाड पट्टीवर ट्रान्झिस्टर बसवले, म्हनले, हा रखवालदार. साडेतीनशेच्या वर एक बी थेंब चढला की हा तो स्वतः पिऊन टाकतो, खाली आला की गप बसतो. आन डबा बंद केल्यावर उरलेलं साडेतीनशे काढायला वेगळा पक्का रेजिस्टन्स. काडी काढली. झाकन लावलं, कोळ्याचं जाळं पुसून. मीटर लावून दाखवलं, हे बोलले, गप बसले, शिट्टी मारली, काटा साडेतीनशेला खिळलेला. हे हसले, पहिल्यांदा. काका बी हसले.

"बग," काका मला म्हनले, "आता तुहं समाधान?"

मी म्हनलं, "बंद करा. झाकन काढा. आन ती काठी मला द्या."

"बाई परीक्षा घेनार," काका म्हनले. "घे. पाच मिनिटं झाली की घे."

पोरीला आत्याबाईजवळ दिली, अंगनात. दोघी लांब, लिंबाखाली. काठी दोन्ही हातानं धरली. काकांनी सांगितलं कुठं टेकवायचं. आधी प्लेटला टेकवली, काही न्हाई. मग स्क्रीनच्या कंडेन्सरला.

टाक्क.

निळी ठिनगी. तांब्याच्या टोकाला काळं पडलं. मी काठी टाकून दिली आन मागं सरून भितीला टेकले. तोच वास, तो आला लगेच, बारीक, जळका.

काकांचं तोंड उघडं राहिलं, तोबरा दिसला आतला. त्यांनी माह्याकडं बगितलं न्हाई. चष्मा लावून डब्यात वाकले, लई वेळ वाकून राहिले. मग म्हनले, "सोल्डरचा टाका कच्चा राहिला. रेजिस्टन्सचा एक पाय सुटलेला हाय. माह्याच हातचा." आन थोड्या वेळानं, कोनालाच न्हाई असं, "मी चाळीस वर्षं केलं हे."

हे उठले. एका हाताला पट्टी, तरी डब्याच्या वायरी सोडायला लागले, एकेक. काका म्हनले, "अरे, एक टाका मारला की झालं." हे म्हनले, "व्हय काका. दुकानात मारू." तार बी उतरवली घरावरची. संध्याकाळच्या आत एका ओळखीच्याच्या ऑटोत डबा गेला, काका बी त्याच ऑटोत बसले, हिंगोलीची एसटी धरायला. आता रविवारी हे दुकानात जातेत. तिथं पोरगी जात न्हाई. तिथं झाकन लावतेत का न्हाई मला माहीत न्हाई, विचारते, म्हनतेत, लावतो. दर रविवारी ते घरी येईपर्यंत मला भाकरी जात न्हाई.

डबा गेला त्या दिवशी मी मागच्या खोलीतलं सगळं भाईर काढलं. भिती धुतल्या, भुई धुतली, बाकाच्या जागी पालीच्या लेंड्या, तारांचे तुकडे, तंबाखू, झुरळाचे पाय, सगळं हातानं खरडलं. पानी वाळलं तशी पोरीला खाली सोडली. पहिल्यांदा मोकळी. ती सरळ खिडकीखाली रांगत गेली, जिथं बाक व्हता तिथं बसली, आन तिचं तोंड हलायला लागलं.

मी धावले. जबडा धरला, बोट घातलं, ती चावली, तरी आत घातलं, जिभंखालून काढलं. सोल्डरचा थेंब, मसुरीएवढा, चकचकीत, लाळंत भिजलेला. पोरगी रडून राहिलती. मी तो थेंब तळहातावर घेऊन बगितला, मग परत तिचं तोंड उघडलं, गालाच्या आतून, टाळूला, सगळीकडं बोट फिरवलं. मग तिला आत्याबाईच्या मांडीवर नेऊन टाकली, आन परत आले, गुडघ्यावर बसले, आन भुईला गाल लावून, उजेडाकडं तोंड करून, आनखी काय चमकतं का ते बगायला लागले.